जानेवारीतील शिवारसहल : मोरा-उरणच्या शेतकऱ्यांनी कुठे जावे?



झोडणी आटोपली, पेंढा रचून झाला, वर्षाचा तांदूळ घरात आला की कोकणातील भातशेतकऱ्याला थोडी उसंत मिळते. जानेवारीत हवा थंड व कोरडी असते, रस्ते सुके असतात, घरची मुलेमाणसेही चार दिवस कुठेतरी जाऊया म्हणून मागे लागतात. याच महिन्यात गावोगावचे शेतकरी गट, महिला बचत गट आणि सोसायट्या अभ्यास सहली काढतात. उरण तालुक्यातून दरवर्षी आमच्याकडे एकच प्रश्न येतो, "सर, यंदा कुठे जावे?" प्रश्न साधा आहे. मात्र त्याचे उत्तर देताना मी स्वतः एकदा चुकलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी उरणच्या पंचवीस-तीस शेतकऱ्यांची सहल मी वाई-महाबळेश्वर भागात नेली होती. जानेवारी म्हणजे स्ट्रॉबेरीचा ऐन हंगाम. गादीवाफे, त्यावरील प्लॅस्टिकचे आच्छादन, ठिबकच्या नळ्या आणि पानांखाली लालभडक फळे. मंडळी हरखून गेली. परतताना नागावच्या एका वाडीवाल्याने शंभर रोपे विकत घेतली आणि दोन गुंठ्यांत लावली. मी त्यांना थांबवले नाही, उलट फोनवर खताचे प्रमाण सांगितले. फेब्रुवारी संपता संपता पानांच्या कडा करपू लागल्या आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात वाफा मोकळा झाला. नंतर त्यांच्या विहिरीचे पाणी तपासले, तेव्हा ते मचूळ निघाले. तेच पाणी नारळ पीत होता, त्यामुळे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. स्ट्रॉबेरी हे क्षाराला सर्वांत लवकर हार जाणाऱ्या पिकांपैकी एक, त्यात किनाऱ्यावरील फेब्रुवारीची उष्णता. हे मला सहल आखतानाच माहीत असायला हवे होते. ठिकाण पाहण्यासारखे होते यात शंका नाही. मात्र ते आपल्या शेताशी जुळणारे नव्हते.

तेव्हापासून मी ठिकाण निवडताना तीन गोष्टी आधी विचारतो. तेथील जमीन आणि पाणी आपल्यासारखे आहे काय? जानेवारीत तेथे शेतात काही उभे असते काय? आणि तेथे जे पाहू ते येत्या वर्षात पाच-दहा गुंठ्यांवर करून पाहणे आपल्याला परवडेल काय? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तर ते ठिकाण तीस किलोमीटरवर असो की तीनशे, जावे. नसतील तर तेथे हौसेने जावे, पण त्या खर्चाला अभ्यास सहल म्हणू नये.

आपली जमीन आधी ओळखा

मोरा मुळात बंदराचे आणि कोळीवाड्याचे गाव. शेती म्हणावी ती त्याच्या आजूबाजूस. केगाव-नागावकडे नारळ-पोफळीच्या वाड्या व भाजीपाला, तर पूर्वेस आवरे, गोवठणे, पुनाडे, वशेणी या भागात खाडीलगतची खार जमीन. १९७० नंतर नवी मुंबईसाठी आणि पुढे १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदरासाठी तालुक्यातील बरीच शेती गेली. जी उरली ती तुकड्यातुकड्यांत आहे, आणि त्या तुकड्यांचे काय करायचे हा प्रश्न आज प्रत्येक घरात आहे. भराव टाकून भाड्याने द्यावी, पडीक ठेवावी, की कसत राहावे? सहलीला जाताना हा प्रश्न बरोबर घेऊन जायचा असतो.

खार जमिनीचे वर्षभराचे वागणे थोडे समजून घेतले तर ठिकाणाची निवड सोपी होते. पावसाळ्यात गोडे पाणी खाचरात साठते, मुळांच्या थरातील मीठ विरघळून खाली जाते किंवा उघाडीवाटे खाडीत निघून जाते. म्हणूनच खरिपात भात येतो. पाऊस थांबला की उलट प्रवास सुरू होतो. जमिनीखाली हात-दोन हातांवर असलेले खारे पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढते, पृष्ठभागावर त्याची वाफ होते आणि मीठ मागे राहते. जानेवारीत खाचरावर दिसणारा पांढरट पापुद्रा तो हाच. मे महिन्यापर्यंत तो वाढत जातो. कापणीनंतर पेंढ्याचे आच्छादन केले किंवा जमीन वरवर नांगरून मोकळी ठेवली तर हे चढणे कमी होते, पण बंद होत नाही.

यात आणखी एक धोका आहे, आणि तो मिठापेक्षा मोठा आहे. उधाणाने बाहेरचा बांध फुटला व तो वेळेवर बांधला गेला नाही, तर खाडीचे पाणी रोज आत-बाहेर करू लागते. दोन-चार वर्षांत त्या खाचरात तिवरे उगवतात. कांदळवनाला कायद्याचे संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली व पुन्हा २०१८ साली त्याविषयी कडक आदेश दिलेले आहेत. कांदळवन किनाऱ्याचे रक्षण करते, ते राखलेच पाहिजे. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की एकदा तिवरे उभे राहिले की ती जमीन पुन्हा भाताखाली येणे जवळजवळ अशक्य होते. बांध दुरुस्तीचा काळ जानेवारी ते मे. सहलीहून आल्यावर हाती असणारे महिने ते हेच.

सहलीला निघण्यापूर्वी आपल्या शेताची माती व विहिरीचे पाणी तपासून घ्यावे. एका शेतातून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घेऊन वीस सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती गोळा करावी, एकत्र करून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन भाग टाकत जावे आणि अर्धा किलो उरली की पिशवीत भरावी. पाण्यासाठी स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळून एक लिटर नमुना घ्यावा. खार जमिनीचा नमुना जूनमध्ये पावसानंतर घेतला तर मीठ कमी दिसते व आपली फसगत होते. रब्बी पीक करायचे असेल तर नमुना आताच, जानेवारीत घ्यावा.

अहवालात विद्युतवाहकता हा आकडा पाहावा. संपृक्त मातीच्या अर्काची विद्युतवाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त असेल तर जमीन क्षारयुक्त समजतात. भाताचे उत्पादन ३ च्या पुढे घटू लागते, कांद्याचे १.२ च्या पुढे, स्ट्रॉबेरीचे तर १ लाच. चवळी त्यामानाने सोशिक आहे. काही प्रयोगशाळा एक भाग माती व अडीच भाग पाणी अशा द्रावणात मोजणी करतात. तो आकडा बराच कमी येतो, म्हणून मोजणी कोणत्या पद्धतीने केली हे विचारल्याशिवाय दोन अहवालांची तुलना करू नये.

अर्ध्या दिवसाची सहल : पनवेल

खार जमीन ज्यांची आहे त्यांनी सर्वप्रथम पनवेलला जावे. कोकण कृषी विद्यापीठाचे खार जमीन संशोधन केंद्र तेथे आहे. पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या क्षार सहन करणाऱ्या भाताच्या जाती याच केंद्राच्या. उरणहून सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला घरी येऊ शकतो. इतके जवळ असल्यामुळेच बहुधा कोणी जात नाही! आपल्याकडे सहल म्हटली की घाट चढावाच लागतो अशी समजूत आहे.

जानेवारीत तेथे भात उभा दिसणार नाही हे खरे. पण भात पाहण्यासाठी जायचेच नाही. आपला माती-पाण्याचा अहवाल दाखवायला जायचे. आपल्या आकड्याला कोणती जात योग्य, रोपवाटिका खाचरात करावी की वरकस जागेत, रोपे किती दिवसांची लावावीत, शेतातील चर किती खोल ठेवावेत, बियाणे कधी व किती मिळेल, हे प्रश्न तेथे शांतपणे विचारता येतात. जूनमध्ये तोच शास्त्रज्ञ स्वतः चिखलात असतो व आपणही घाईत असतो. आधी फोन करून दिवस ठरवावा, एकदम चाळीस जण दारात उभे राहू नयेत.

एका दिवसाची सहल : करंजाहून रेवसमार्गे अलिबाग

माझ्या मते मोरा-उरणकरांसाठी जानेवारीतील सर्वांत चांगली सहल हीच. करंजाहून तरीने धरमतरची खाडी ओलांडली की रेवस, आणि तेथून अलिबाग तालुक्यातील कार्ले, खंडाळे, नेहुली ही पांढऱ्या कांद्याची गावे. पेणला वळसा घालून गाडीने जाण्यापेक्षा हे सोपे पडते आणि बायकामुलांना पाण्यावरची फेरीही होते.

पांढरा कांदा भातकापणीनंतर त्याच खाचरात, लहान लहान वाफ्यांत घेतात. जानेवारीत गड्डे भरू लागलेले असतात, म्हणजे पाहण्याची वेळ अचूक. बियाणे बहुतेक शेतकरी स्वतःच धरतात. काढणीनंतर पातीसकट वेणी घालून माळा करतात, आणि हे काम मुख्यतः बायकांचे. त्यांच्या हातची माळ महिनोन्‌महिने टिकते. या कांद्याला आता भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. गावाजवळचे गिऱ्हाईक, रस्त्याकाठची विक्री आणि माळेवर ठरणारा भाव, हे सारे उरणसारख्या शहरालगतच्या तालुक्याने मुद्दाम पाहावे असे आहे. उरणला तर नवी मुंबईची बाजारपेठ दाराशी आहे.

मात्र येथेही सावध राहावे. मागे एकदा आवरे भागातील महिलांचा गट घेऊन मी या कांद्याच्या शेतात गेलो होतो. मी वाफ्यांची रुंदी, रोपांचे अंतर सांगत होतो. गटातील एक वयस्कर बाई माझे बोलणे सोडून सरळ विहिरीवर गेल्या, रहाटाची बादली ओढली, ओंजळभर पाणी तोंडात घेतले आणि थुंकून म्हणाल्या, "सर, यांचा पानी गोड हाय. आपला खारा." माझे अर्धे व्याख्यान तेथेच संपले. त्यांचे म्हणणे बरोबर होते. कांद्याची ही शेते गोड्या जमिनीत व गोड्या विहिरींवर आहेत, खारेपाटात नाहीत. म्हणजे केगाव-नागावकडील ज्यांच्या विहिरीला मार्चपर्यंत गोडे पाणी असते त्यांनी पाच गुंठे कांदा जरूर करून पाहावा. पूर्व उरणच्या खाचरात तो लावू नये.

मग खार जमीनवाल्यांनी अलिबागला काय पाहावे? त्यांनी पोयनाड-शहाबाजच्या बाजूला खारेपाटात फिरावे. तेथे बऱ्याच घरांच्या मागे तळी आहेत आणि त्यांत जिताडा पाळतात. जिताडा खाडीच्या मचूळ पाण्यातला मासा, गोड्या पाण्यातही तो वाढतो, आणि त्याला रायगडात जो भाव व मान आहे तो सांगायला नको. पावसाचे पाणी साठवणारे तळे, त्याच्या बांधावर भाजी व तळ्यात मासे अशी रचना खार जमिनीच्या कोपऱ्यात बसते. तळ्याची खोली, बोटुकली कोठून आणतात, जिताडा इतर मासे खातो म्हणून त्याच्या खाद्याची सोय कशी करतात आणि उन्हाळ्यात पाणी किती उरते, हे तेथील मालकांनाच विचारावे.

याच वाटेवर चरी गाव लागते. खोतीविरुद्ध १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे येथील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमीन न कसण्याचा संप केला. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले त्यामागे या लढ्याचे बळ होते. जमिनीसाठी माणसे काय सोसतात हे उरणकरांना कोणी शिकवायला नको, तरीही दहा मिनिटे थांबावे, तरुण पोरांना दाखवावे.

आणि जानेवारीत खारेपाटात जाऊन पोपटी न खाता परत आलात तर सहल फुकट. भात निघाल्यावर अंगओलीवर पेरलेल्या वालाच्या शेंगा याच दिवसांत भरतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, जाडे मीठ, ओवा. मडके उपडे घालून भोवती जाळ. हा विषय कृषिविद्येचा नव्हे असे कोणी म्हणेल. पण पाण्याची एकही पाळी न देता आलेले पीक कसे लागते ते जिभेला कळले, तर पुढच्या नोव्हेंबरात वालाचे बियाणे आठवणीने पेरले जाते, असा माझा अनुभव आहे.

कर्जत आणि पलीकडे

ज्यांची खाचरे गोडी आहेत व भातातच सुधारणा करायची आहे त्यांनी कर्जतला जावे. तेथील प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र भातासाठी जुने व नावाजलेले आहे. कर्जत मालिकेतील जाती आणि १९९८ साली प्रसारित झालेला सह्याद्री हा संकरित भात तेथलाच. टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रातून सुटणारे पाणी राजनाल्याला येते व त्यावर या भागात उन्हाळी भात होतो. जानेवारी म्हणजे त्याच्या रोपांचे व लावणीचे दिवस. मात्र कालव्याची दुरुस्ती असेल त्या वर्षी पाणी सुटत नाही, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. नाहीतर कोरडा कालवा पाहून परतावे लागेल.

त्याच फेरीत नेरळजवळील सगुणा बाग पाहता येते. चंद्रशेखर भडसावळे यांनी तेथे नांगरणी, चिखलणी व लावणी न करता गादीवाफ्यावर टोकणीने भात घेण्याचे सगुणा भात तंत्र विकसित केले. भात कापल्यावर बुडखे व मुळे जमिनीतच ठेवून त्याच गादीवर वाल, हरभरा, भाजी टोकतात. जानेवारीत हे दुसरे पीक उभे दिसते आणि तंत्र खरे तेव्हाच समजते. मजूर मिळत नाहीत हे आज उरणच्या शेतीचे पहिले दुखणे आहे, म्हणून याकडे गांभीर्याने पाहावे असे मला वाटते. माझ्या दोन शंका मात्र तेथे जरूर विचाराव्यात. तणनाशकावर भिस्त किती ठेवावी लागते, आणि जेथे मीठ धुण्यासाठी पाणी साठवून ठेवावे लागते अशा खार जमिनीत गादी कशी वागते? पूर्ण शेतावर करण्यापूर्वी एका खाचरात पाहावे.

वाडीवाल्यांचा मार्ग वेगळा. नारळ-पोफळी असणाऱ्यांनी दोन दिवस काढून रत्नागिरीजवळ भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रात जावे. प्रताप ही जात त्यांनी दिलेली. तेथील लाखी बाग, म्हणजे नारळाच्या सावलीत जायफळ, दालचिनी, मिरी, अननस यांची मिश्र लागवड, पाहण्यासारखी आहे. नारळ क्षार बराच सोसतो, मसाल्याची पिके तितकी सोसत नाहीत, हा फरक ध्यानात ठेवावा. अलीकडे चक्राकार पांढऱ्या माशीने नारळाची पाने काळी पडत आहेत. तेथे त्यावर काय करतात तेही पाहावे. जाताना वाटेत दापोलीला विद्यापीठात मुक्काम केला तर आंब्याचा मोहोर ऐन भरात दिसेल, आणि तुडतुडे व भुरीसाठी फवारणी केव्हा करावी हे झाडाखाली उभे राहून समजून घेता येईल.

बारामतीचे जानेवारीतील कृषी प्रदर्शन, नारायणगावची भाजीपाल्याची शेती, नाशिकची द्राक्षे यांविषयी नेहमी विचारणा होते. तरुणांनी एकदा जरूर जावे. यंत्रे, रोपवाटिका, शेतमालाची प्रतवारी डोळ्यांखालून जाते. परंतु तेथील काळी जमीन, कोरडी हवा व कालव्याचे पाणी आपल्याकडे नाही. तेथून पीक आणू नये, पद्धत आणावी. प्रतवारी करून खोक्यात भरलेली भेंडी उरणच्या बाजारातही विकली जाते.

दिवस कसा ठरवावा

मोरा किंवा करंजाहून लाँचने जायचे तर आधी तिथी पाहावी. ओहोटीला मोरा बंदरात गाळामुळे लाँच लागत नाही व सेवा थांबते हे आपण जाणताच. जुन्या माणसांचा हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीचा तास येतो. पौर्णिमा व अमावास्येला पंधराचे पाऊण म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास भरती, आणि त्याच्या सहा तास आधी-नंतर, म्हणजे पहाटे पाच-सहाला व सायंकाळी पाच-सहाला, ओहोटी. त्यातही ती उधाणाची, अगदी तळ दिसणारी. सकाळी लवकर निघून संध्याकाळी परतणाऱ्या सहलीला हे दोन्ही दिवस गैरसोयीचे. अष्टमीला उलट. भरती सहाच्या सुमारास, ओहोटी दुपारी, आणि तीही मवाळ. म्हणून अष्टमीच्या आसपासचा दिवस धरावा. हा अंदाज आहे, नक्की वेळ आदल्या दिवशी धक्क्यावर विचारावी, रेवस बाजूचीही.

लाँच नको असेल तर १२ जानेवारी २०२४ पासून उरणला रेल्वे आली आहे, आणि त्याच दिवशी अटल सेतूही सुरू झाला. त्यामुळे पनवेल, कर्जत किंवा मुंबईमार्गे पुढे जाणे पूर्वीपेक्षा सुकर झाले आहे. एस.टी. ची बस प्रासंगिक करारावर घ्यायची असेल तर डिसेंबरच्या सुरुवातीलाच आगारात नोंद करावी. जानेवारीत शाळांच्या सहलींमुळे बस मिळत नाही.

संक्रांतीचा दिवस टाळावा, कारण त्या दिवशी यजमान गावातील बायका घरच्या कामात असतात. १६ व १७ जानेवारी हे दिवस तर उरणकर स्वतःच टाळतील. १९८४ सालच्या शेतकरी आंदोलनातील पाच हुतात्म्यांना अभिवादन करण्यासाठी तालुका तेव्हा जासई-दास्तान फाट्याला जमतो. २६ जानेवारीला कार्यालये व केंद्रे बंद. तेव्हा ८ ते १२ किंवा १८ ते २४ या तारखांत अष्टमी जवळ असलेला दिवस काढावा.

खर्चासाठी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात आत्मा योजनेखालील अभ्यास दौऱ्याची चौकशी करावी. निधी असेल त्या वर्षी नोंदणीकृत गटांना लाभ मिळतो. मिळाला नाही तरी पनवेल किंवा अलिबागसाठी त्यावर अडून बसू नये. आठ-दहा जणांनी मिळून हा खर्च करता येतो, आणि खरे तर आठ-दहा जणच बरे. पन्नास माणसांच्या गर्दीत मागचे लोक बांधावर बसून गप्पा मारतात.

कोण येणार हेही ठरवून घ्यावे. बहुतेक सहलींत घरातील पुरुष जातात आणि लावणी, बेणणी, विक्री करणारी बाई घरी राहते. निदान निम्म्या जागा त्यांना द्याव्यात. त्या विहिरीचे पाणी चाखून पाहतात, हे वर सांगितलेच आहे.

यजमान शेतकऱ्याला "एकरी किती उत्पन्न?" हा प्रश्न शेवटी विचारावा. पाहुण्यांना सांगायचा आकडा प्रत्येकाकडे तयार असतो. त्याऐवजी मार्चमध्ये विहिरीला किती हात पाणी राहते, पाणी मचूळ होते काय, माल कोण उचलतो, पैसे किती दिवसांनी मिळतात, आणि मागल्या पाच वर्षांत कोणते पीक करून सोडून दिले, हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाला माणसे फार मोकळेपणाने बोलतात. रोपे, बियाणे मात्र त्या दिवशी विकत घेऊ नये. घरी येऊन अहवालातील आकड्याशी ताडून पाहावे, मग मागवावे.

परत आल्यावर आठ दिवसांच्या आत गटाने एकदा बसावे आणि कोण काय करून पाहणार ते नावानिशी लिहून ठेवावे. खारीत ज्यांची शेती आहे त्यांनी त्याच बैठकीत बाहेरचा बांध व उघाडी पाहण्याचा दिवस ठरवावा. फळ्या सडल्या असतील, खेकड्यांनी बिळे केली असतील, तर दुरुस्तीचा अर्ज फेब्रुवारीतच जावा. क्षार सहन करणाऱ्या भाताच्या बियाण्याची मागणीही पनवेल केंद्राकडे त्याच महिन्यात नोंदवावी. मे महिन्यात सगळेच येतात आणि तोवर बियाणे संपलेले असते.